चरबीची गोळी

सिरसाळ्यात माझं मेडिकल आहे. घरात कॉलेज शिकलेला मी पहिलाच, म्हणून डिग्री फ्रेम करून भिंतीवर लावली आहे. औषधं न्यायला एक मेंढपाळ यायचा; आला की आधी त्या डिग्रीकडे बघायचा, मग पटक्यातून चिठ्ठी काढायचा. मेंढरं तो कधी मोजत नसे, एकेकीचं तोंड बघून कोण कमी आहे ते सांगायचा.

मग त्याच्या डोळ्यांना आतून सूज आली आणि ती तोंडं पुसट झाली. शहरातल्या डॉक्टरांनी थेंबांसोबत कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली. मला हसू आलं.

"मामा, ही चरबीची गोळी हाय, डोळ्याची न्हाई."

"चरबी? सायब, माझ्यापरीस माझी काठी जाड हाय!"

"चुकून लिहिली असंल."

त्यानं फक्त थेंब नेले.

पुढं त्याचा उजवा डोळा गेला. मी डॉक्टरांना फोन लावला. ती गोळी सूजही उतरवते, त्यासाठीच दिली होती. "तिनं डोळा वाचलाच असता, असं नाही," ते म्हणाले. तेवढ्यानं माझी सुटका झाली नाही.

परवा तो आला. बाहेर एकेका मेंढीचा कान चाचपून मगच आत आला. मी त्याच गोळ्यांचं पाकीट त्याच्या हातात ठेवलं.

"ही चुकून तर न्हाई ना लिवली?"

"न्हाई मामा. तवा बी बरोबरच लिहिली होती. चुकलो मी."

त्यानं पाकीट बोटांनी चाचपलं. मग ते माझ्यापुढं धरून म्हणाला, "कवा घ्यायची, तेवढं सांगा. तुमी शिकलेले हाव."