चार दारांचं एक हँडल

आमच्या ह्यांना वस्तू जपायचा भारी सोस. सत्तरच्या दशकात आम्ही चिंचवडला, कारखान्यातल्या लोकांच्या एका सोसायटीत राहायचो. ह्यांनी जुनी गाडी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या तीन दारांची, काचा खाली-वर करायची हँडलं काढून ठेवली. पोरं उगाच फिरवत बसतात, दाते झिजतात, म्हणे. चौथं तेवढं ह्यांच्या दाराला, कारण वळताना हात बाहेर काढून दाखवावा लागायचा. मागच्याला वारा हवा असला की हे गाडी बाजूला घेणार, आपलं हँडल उपसून मागे देणार आणि काच उतरली की परत मागणार. ते नुसतं अडकवलेलं धड बसायचं नाही, सारखं निसटायचं. सीटवरचं प्लॅस्टिकही ह्यांनी कधी काढलं नाही. उन्हाळ्यात मांड्या भाजायच्या.

मला ह्या प्रकाराची मनस्वी चीड यायची. दर पावसाळ्यात कुठली ना कुठली गाडी पुलावरून नदीत गेल्याची बातमी यायची, आणि माणसं आतच सापडायची. मग रविवारी सोसायटीतले पुरुष आमच्या गॅलरीत जमून पुलाला कठडे का नाहीत, ड्रायव्हर प्यायला होता का, यावर सकाळ घालवायचे. चहा देता देता मी म्हणायची, "अहो, काचा उघडल्या नाहीत म्हणून गेली ती माणसं. आपली हँडलं लावा आधी."

"आपल्याला कुठे नदीत जायचंय?" हे हसून म्हणायचे. जणू बाकीचे ठरवून गेले होते!

आमचे शेजारी ह्यांच्याच खात्यात, ह्यांच्याइतकेच टापटिपीचे. त्यांनीही तसलीच गाडी घेतली आणि ह्यांची युक्ती पाहून आपलीही हँडलं काढली. त्यांची बायको माझी मैत्रीण. जिन्यात उभ्या राहून आम्ही दोघी ह्या दोन इंजिनिअरांच्या नावाने बोटं मोडायचो.

एका भाद्रपदात ती दोघं तिच्या माहेराहून, राजगुरुनगरहून परत येत होती. भावाने बटाट्याचं पोतं दिलं होतं. पोतं मागे टाकलं तर गाडी मागून बसते, म्हणून पोतं पुढे आणि बायको मागे. इंद्रायणीच्या बुटक्या पुलाशी पाणी चढत होतं. समोरच्या ट्रकला जागा द्यायला त्यांनी गाडी कडेला घेतली आणि चाक पुलावरून सुटलं. ते आपल्या खिडकीतून बाहेर पडले. तिला पडता आलं नाही.

निरोप येताच हे नदीवर धावले. दोर लावून गाडी ओढणाऱ्यांपैकी एकाने ह्यांना विचारलं, "सायेब, बाईच्या मुठीत ह्यो लोखंडाचा तुकडा हाय. कशाचा म्हनायचा?" ह्यांनी मला हे घरी येऊन सांगितलं.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा शेजारी भिंतीला टेकून बसले होते. येईल त्याला एकच सांगत होते. "वहिनी, गाडी लगेच बुडाली नाही. ती मागून हँडल मागत होती. मी उपसून दिलं तिला. दिलं होतं हो मी." ह्यांनी मान वर केली नाही. मला दोघांचाही संताप आला होता.

घरी आल्यावर ह्यांनी फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला. तिन्ही हँडलं कापडात गुंडाळलेली, नवीकोरी होती. ती घेऊन हे खाली गेले. मी गॅलरीतून बघत राहिले. भर दुपारचा उजेड होता, अंगण कोरडं होतं, हातात पक्कड होती, घाई कसलीच नव्हती. तरी पहिलं हँडल ह्यांच्या हातून दोनदा खाली पडलं.