एक कमी असताना

गोल न करणाऱ्या माणसांचा आमच्या मामेसासऱ्यांइतका कट्टर कैवारी जगात दुसरा झाला नाही, आणि खरं सांगायचं तर एकापेक्षा जास्त जगाला परवडणारही नाहीत. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मुक्काम चाकूर, नेसायला धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि छंद आइस हॉकी. होय, बर्फावरची. आमच्या भागात बर्फ फक्त उसाच्या रसात भेटतो. तरीही हे गृहस्थ दर रविवारी पहाटे पूजा आटोपून मांडीवर टॅब घेतात आणि कॅनडातल्या मुली एका काळ्या चकतीमागे कशा घसरत जातात ते श्वास रोखून बघतात. त्यातली एक मुलगी त्यांची नात. मुलगा तिकडेच स्थायिक झालाय, आणि सूनबाई सामना चालू असताना फोन धरून उभ्या राहतात. नातीला मराठी येत होतं ते 'आबा', 'भात' आणि 'नको' एवढंच. आबांचं इंग्रजीही 'येस'च्या पुढे फारसं सरकलेलं नाही. त्यामुळे या दोघांना एकमेकांशी बोलायला जगात हा एकच विषय होता, आणि मागच्या वर्षी नेमका तोच बंद पडायची वेळ आली. पोरगी खेळ सोडते म्हणाली.

कारण अगदी आपल्याकडचं होतं. ती गोल करत नव्हती. अख्ख्या हंगामात एकही नाही. आणि आमचं कुटुंब असं गुणी की रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आत्या, काका, मावशा ओळीने एकच प्रश्न विचारायच्या, "किती गोल?" यांचा तरी काय दोष? लातूरच्या शिकवण्यांच्या गल्लीत खांबाखांबावर गुणवंतांचे फोटो टक्क्यांसकट लटकतात. तिथं पोराचं नाव विचारायच्या आधी "किती पडले?" असं विचारायची रीत आहे. पोरीचा बापही त्याच गल्लीत घडलेला. तो म्हणाला, गोल होत नसतील तर दे सोडून, त्यापेक्षा गणित पक्कं कर.

मामांचं म्हणणं वेगळं होतं आणि ते कुणी न विचारता सगळ्यांना ऐकावं लागे. या खेळात जो आगळीक करतो त्याला दोन मिनिटं बाजूला कोंडून बसवतात आणि तेवढा वेळ त्याच्या संघाला एक माणूस कमी घेऊन झुंजावं लागतं. "तवा ते गोल करणारे शेलके गडी बाहीर बसतेत," मामा सांगत, "अन् आमची आत जाती. पुढं उभी ऱ्हाती, पण ध्यान समदं मागं. चकती अंगावर घेती, पण आत जाऊ देत न्हाई." हे त्यांनी न्हाव्याला अर्धी दाढी झालेली असताना सांगितलं, एसटीच्या कंडक्टरला सुटे पैसे देता देता सांगितलं, आणि उदगीरला एका घरी दुखवट्याला गेले तेव्हा सांत्वन म्हणूनही सांगितलं. लातूरला एका नातेवाइकाचा मुलगा परीक्षेत पहिला आला म्हणून आम्ही पेढे खायला गेलो होतो. मामांनी त्या पोराला जवळ घेतलं आणि मायेने विचारलं, "बाळा, दुसऱ्या कुणाचे किती मार्क वाचवलेस रं?" पोराने हातातला पेढा खाली ठेवला. एवढा हुशार मुलगा, पण हा प्रश्न कुठल्याच शिकवणीत घेतलेला नव्हता. मामींना मात्र या वेडाचं मूळ पुरतं ठाऊक आहे. त्या म्हणतात, "आमच्या मालकांनी बी उभ्या जन्मात एक गोल केला न्हाई. मंग माया येणारच की."

मामींचं हे बोलणं थट्टेचं असलं तरी खोटं नाही. आमच्या घराण्यात कुठलंही लग्न असो, कोठीची, म्हणजे सामानाच्या खोलीची किल्ली मामांच्या कमरेला. तेल किती उरलं, साखर कुठं चालली, पाण्याचा टँकर आला का, हे सगळं त्यांनी बघायचं. बाकीचे फेटे बांधून मिरवतात. माझ्या लग्नाचा अल्बम मी मुद्दाम काढून पाहिला. बँडवाल्याचे चार फोटो आहेत, मामांचा एकही नाही.

गेल्या डिसेंबरात माझ्या मेव्हणीचं लग्न लातूरला होतं. कॅनडाची मंडळी आली. पोरगी कानात इअरफोनची बोंडं घालून फिरत होती. परत गेल्यावर संघातून नाव काढून घेणार, हे तिने आईकरवी आबांना कळवून टाकलं. मामा "बरं" म्हणाले आणि कोठीवर जाऊन बसले. लग्नात "किती गोल?" विचारणाऱ्यांची फौज मोठी, म्हणून तीही तिथंच कांद्याच्या पोत्यावर लपली.

अक्षता पडल्या, पंगत बसली. थोरला जावई म्हणून कशाला तरी नावं ठेवणं हे माझं कर्तव्यच होतं. मी भट्टीपाशी गेलो आणि पुऱ्या तळणाऱ्याला म्हणालो, "आमच्या नांदेडात असल्या पुऱ्या पाहुण्यांना वाढत नसतात." त्याने झारा खाली ठेवला, चपला घातल्या आणि शांतपणे निघून गेला. मामा कोठीतून बाहेर आले. मला वाटलं, त्याला परत बोलवायला धावतील. त्यांनी दुसऱ्या पोत्याकडे बोट केलं. "जावईबापू, बसा. दोन मिनटं."

"मामा, मी या घरचा जावई आहे."

"म्हून दोनच. भाऊ असता तर पाच दिली असती."

मी बसलो. पोरीने कानातली बोंडं काढली आणि इतकी हसली की पोत्यावरून घसरली. मराठी कळायची गरजच नव्हती.

मामांनी धोतर खोचलं आणि झारा हातात घेतला. एवढ्यात नवरदेवाचे चुलते गरजत आले, "पुऱ्या कुठं हायत? माणसं कवापासून ताटकळून राहिलीत!" मामा दारात आडवे उभे राहिले. पाच मिनिटं त्या गृहस्थांनी आमच्या सात पिढ्यांची चौकशी केली, मामा जागचे हलले नाहीत. मग अतिशय काळजीने म्हणाले, "पाव्हणं, नवरदेवाच्या गाडीत हवा कमी दिसून राहिली. येवढं बघून येता का?" गाडी होती मंगल कार्यालयाच्या पार पलीकडच्या टोकाला. चुलते गेले. पोरगी टाळ्या पिटत ओरडली. एक कमी असताना चकती मैदानाच्या दुसऱ्या टोकाला भिरकावून वेळ काढायची त्या खेळात मुभा असते, हे मला नंतर सूनबाईंनी समजावलं. मग पोरगी उठली, कुणी न सांगता लाटलेल्या पुऱ्या आबांच्या हाताशी सरकवू लागली. पंगत अडली नाही. तिकडे स्टेजवर फोटो निघत होते, त्यात हे दोघे नव्हते. मीही नव्हतो, कारण माझी दोन मिनिटं कधीच संपली तरी उठा असं कुणी म्हणेना.

संध्याकाळी तिने आईमार्फत विचारलं, आबांना कधी गोल करावासा वाटत नाही का? मामा हाताचं पीठ झटकत म्हणाले, "वाटतो की माय. कुणाला वाटत न्हाई? पण मंग कोठीवर कोण बसंल?"

ती परत गेली आणि नाव काढून घेतलं नाही. पुढे दर रविवारी सामना संपला की फक्त ती दोघं बोलायची. संघ एक कमी असताना, ती आत असताना समोरच्यांचे किती गोल झाले, हा आबांचा प्रश्न. त्यासाठी ती थोडं मराठीही शिकली.

आणि मागच्या महिन्यात तिने गोल केला. मी त्या दिवशी चाकूरलाच होतो. कुटुंबाच्या ग्रुपवर हार, फुलं, फटाके यांचा पूर आला. कॉलवर यच्चयावत नातेवाईक. बाप तर "मी म्हणतच होतो" असं चारदा म्हणाला. मामांनी घरात साखर वाटली, पण कॉलवर त्यांना तोंड उघडायला कुणी जागा देईना. मी म्हणालो, "मामा, बोला की तुम्ही."

"आता समदेच इचारून राहिलेत तिला," ते हसत म्हणाले. "माझं काय काम उरलं?"

मला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी खोचक सुचतं. त्या वेळी मी नुसती वाटीतली उरलेली साखर त्यांच्या हातावर ठेवली.

कॉल संपला, माणसं पांगली. थोड्या वेळाने टॅब पुन्हा वाजला. या वेळी ती एकटीच होती, घामेजलेली, केस विस्कटलेले.

"आबा," ती म्हणाली, "कुणी विचारलं नाही. तू विचार ना."

मामांनी चष्मा सारखा केला. "एक कमी व्हती तवा किती झाले, माय?"

"एक पण नाही, आबा."

तिकडून तिला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली. मामा मात्र काळ्या पडलेल्या टॅबकडे बघत तसेच बसून होते, आणि मामींनी दोनदा चहाला बोलावलं तरी त्यांना ऐकू गेलं नाही.