वळणावरचे पांढरे पट्टे

आमचं घर तेल्हाऱ्याच्या रस्त्यावर, ऐन वळणाला लागून आहे. सोयाबीन निघालं की ते आम्ही डांबरावर वाळू घालायचो आणि राखायला मी बसायची. चार माणसांत बोलणं मला जमत नाही, म्हणून ते काम बरं वाटायचं. बसल्या बसल्या गाड्या पाहायची.

जुन्या रस्त्याचं डांबर कुठं संपतं ते दिसायचं नाही, म्हणून वळण आलं की गाडीवाले आपसूक हळू व्हायचे. मग रस्ता रुंद झाला, दोन्ही काठांनी पांढरे पट्टे आले. पट्ट्याबाहेर दोन हात डांबर उरलं. सासूबाई म्हणाल्या, "हा पट्टा म्हंजे धुरा समज. आतलं गाडीवाल्याईचं, बाहीरचं आपलं." मलाही पटलं. शेताच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत पेरावं तसं मी पट्ट्यापर्यंत सोयाबीन पसरलं.

गाडीवाल्यांना मात्र पट्ट्यानं धीर आला. काठ लांबूनच दिसायचा, त्यामुळे वेग कोणी कमी करेना. वळताना चाक पट्ट्याबाहेर जायचं. मी चार दिवस हे पाहिलं, तरी सोयाबीन उचललं नाही.

पाचव्या दिवशी माझी मुलगी शाळेतून सायकलवर आली. ती अंगणात शिरली न शिरली तोच मागून पिकअप आली. पिकअपचं चाक सोयाबीनवर गेलं, दाणे घरंगळले, गाडी घसरत नालीत पडली. मुलगी जिथून वळली होती, तिथंच. गाडीवाल्याचं कोपर खरचटलं तेवढंच. गाव जमलं.

"डोये फुटले काय बे तुये?" एक जण गाडीवाल्यावर ओरडला.

"माये डोये सोडा, हे दाने कोनाचे हायेत थे सांगा!" गाडीवाला म्हणाला.

मी पदर तोंडाशी धरून उभी होते. माझे आहेत, असं म्हटलं नाही.

उन्हाळ्यात रंग वितळवायची गाडी घेऊन माणसं आली. रस्त्यावर आडवे जाड पट्टे काढायचे होते, चाक गेलं की गाडी हादरते तसे. खडूच्या खुणा ते वळणाच्या तोंडाशीच करत होते. मी सासूबाईंना म्हटलं, "इथवर आल्यावर गाडी आवरत नाही. पट्टे मागं, वळणाआधीच्या विहिरीपाशी पाहिजेत."

"मले काय सांगून राहिली? तोंड नाही काय तुले?"

मग मीच त्या माणसांकडे गेले आणि तेच सांगितलं. त्यांचा मिस्त्री म्हणाला, "वहिनी, कागदावर इथंच हाये."

सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "तुया कागद बसला व्हता काय इथं सोयाबीन राखाले? थे बसली व्हती!"

मी म्हटलं, "मागं गाडी पडली ती आमच्या सोयाबीनवरून घसरली." मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं, साहेबांना फोन लावला आणि खडू घेऊन विहिरीकडे गेला.

आता विहिरीपाशी चाकं खडखडतात आणि गाड्या हळू होतात. सोयाबीन अंगणात ताडपत्रीवर वाळतं. वाळायला दोन दिवस जास्त लागतात, सासूबाई कुरकुरतात. मोटारसायकलवाले मात्र हादरा चुकवायला आडव्या पट्ट्यांच्या कडेनं गाडी काढतात, जिथून मुलीची सायकल येते. म्हणून तिला सांगितलं आहे, विहिरीपाशी उतरायचं आणि सायकल हातात धरून यायचं. मैत्रिणी हसतात म्हणून ती चिडते, पण उतरते.