गफूरभाईंनी झाडावर घेतलेलं माप

बूट शिवणारे गफूरभाई गेल्याचं मला जव्हारच्या बाजारात कळलं. मेथीची जुडी हातात देताना भाजीवालीनं सांगितलं. ऐंशीच्या पुढचे होते, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. यात रडण्यासारखं काही नाही. पिशवी घेऊन तशीच त्यांच्या घरी बसून आले. तिथं जो तो म्हणत होता, फार गोड बोलायचे... साफ खोटं. माझ्याशी त्यांचं पहिलं बोलणं झालं तेच मुळी, "भाभी, तुमचा नवरा खोटारडा आहे."

त्याला कारण होतं. बाहत्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी आमच्या साखरशेत गावाकडे विजेच्या तारा आल्या आणि तारांना लागणाऱ्या फांद्या तोडायला माणसं हवी होती. माझा नवरा लहानू झाडावर चढण्यात पटाईत. शेतात राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, ऐनाच्या झाडाच्या फांद्या तोडायचा तो, पण अनवाणी. मुकादमानं बजावलं, आदल्या वर्षी कोयत्यानं एकाच्या पायाचा अंगठा गेलाय, बुटाशिवाय कुणी वर जायचं नाही. लहानूला म्हणाला, सोमवारी माझ्यासमोर बूट घालून चढ, नाहीतर दुसरा बघतो. काम मिळालं तर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची गरज नव्हती. भट्टीवर माझी पोरं दरवर्षी आजारी पडायची. मला जायचंच नव्हतं.

तयार बूट लहानूला होईना. जन्मभर अनवाणी चाललेला पाय, चवडा फणीसारखा पसरलेला. रुंदीला बसावा म्हणून मोठा नंबर घालून बघितला तर टाच आत डुचमळायची. मग तो गफूरभाईंकडे गेला. त्यांनी कागदावर पाय आखला, दोन दिवस बसून बूट शिवले आणि विचारलं, "कसा बसतो?" लहानू म्हणाला, "बेस." "बोटांना लागतो?" "नाय नाय, बेस हाय." आमच्याकडे कुणी हातानं केलेल्या वस्तूला त्याच्या तोंडावर नावं ठेवत नाहीत. बुटात विंचू असता तरी लहानू बेसच म्हणाला असता. वळणावर येताच त्यानं बूट काढले, नाड्यांची गाठ मारून गळ्यात अडकवले आणि घरी आला, दोन्ही टाचांना फोड घेऊन. मी म्हटलं, जाऊन सांग त्यांना. तर म्हणतो, "त्या माणसानं दोन दिस मान मोडून शिवलं. कसं सांगू?"

दुसऱ्या दिवशी मीच त्याला घेऊन गेले. फोड बघून गफूरभाई मला ते खोटारड्याचं वाक्य बोलले. वर म्हणाले, "हा वरून पडला तर लोक मला विचारतील."

"चुकीचे शिवले तुम्ही आणि खोटारडा तो?" मी विचारलं.

गफूरभाई हसले. "बरोबर आहे. चढणाऱ्याचं माप मी जमिनीवर घेतलं." दुकानामागं फणसाचं झाड होतं. लहानूला जाड मोजे घालून त्यावर चढवलं, पुरुषभर उंचीवर थांबवलं आणि स्वतः स्टुलावर उभे राहून माप घेऊ लागले. बघायला बाजार गोळा झाला. कुणी ओरडलं, "गफूरभाई, फणसाला बूट शिवताय का?" ते म्हणाले, "फणस बरा. टोचलं तर सांगतो तरी." झाडावर पाय वेगळाच होतो. बोटं आवळतात, टाच खाली ओढली जाते, सगळा भार मधल्या भागावर येतो. त्यांनी बूट पुढून सैल केला, टाचेशी आवळला, घोट्याच्या वर नेला, तळाला खाचा पाडल्या. त्यानंतर "कसा बसतो" असं त्यांनी कुठल्याच गिऱ्हाइकाला विचारलं नाही. चालायला लावायचे, बूट काढायला लावायचे आणि पाय कुठं लाल झालाय ते बघायचे.

सोमवारी दुकान बंद ठेवून ते साखरशेतला हजर. मुकादम उभा, मी उभी. लहानू चढू लागला आणि अर्ध्यावर थांबला. हलेना. मुकादम माझ्याकडे बघायला लागला. गेली भट्टीवर पोरं, मी मनात म्हटलं. तेवढ्यात वरून आवाज आला, "गफूरभाई... डाव्या टाचेला ढिला हाय!"

पोरगा मॅट्रिक पास झाल्यासारख्या टाळ्या पिटल्या त्यांनी. "उतर, बाबा, उतर! बोललास एकदाचा!" खिशातून चामड्याचा तुकडा काढला, तिथंच कापून टाचेखाली बसवला. लहानू शेंड्यापर्यंत गेला, फांदी तोडून खाली आला. त्या वर्षी आम्ही भट्टीवर गेलो नाही, पुढंही कधी नाही. लहानू वीस वर्षं झाडांवर चढला आणि म्हातारा होऊन अंथरुणात मेला.

एक नुकसान मात्र झालं. लहानूचं तोंड एकदा उघडलं ते मिटलंच नाही. आमटीत मीठ कमी, भाकरी जाड, उशी टणक. मी एकदा दुकानात जाऊन गफूरभाईंना सुनावलं, "बूट नीट केलात, पण नवरा बिघडवलात."

त्यांनी आरीवरून नजरसुद्धा उचलली नाही. म्हणाले, "घेऊन या भाभी. कुठं लागतो तेवढं सांगा, ढिला करून देतो."