तीन महिने पडून राहा, म्हणाले होते डॉक्टर

आमचा धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्ट बंद म्हणजे जिन्यानेच चढायचं, तेही हत्यारांची पिशवी खांद्याला. एवढं करूनही दम उरायचा, म्हणून पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ करायची शर्यत असते ना, ट्रायथलॉन, तिच्या नादाला लागला. पहाटे पोहायचा, संध्याकाळी पळायचा. त्याची थोरली बहीण, ताई, लॉन्ड्रीत इस्त्री करते. ती म्हणायची, अरे, बैलालासुद्धा दुपारी सोडतात. तो हसायचा.

मग ताप आला. साधाच. ताप गेला, पण दोन जिने चढला की धाप लागायची. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले हृदयाला सूज आहे. तीन महिने पळणं नाही, पोहणं नाही, सायकल नाही. पडून राहा, हेच औषध.

हे कळायला काय डोकं लागतं? पण त्यांच्या ट्रायथलॉनच्या ग्रुपच्या कोचचा नियम असा, की मनगटावरच्या घड्याळातले आकडे रोज त्याच्या फोनवर जायचे, आणि पंधरा दिवस त्यात हालचाल दिसली नाही की शर्यतीतून नाव कट. आजारी बिजारी काही चालत नाही. धाकट्याने डॉक्टरांचा कागद पाठवला, तर कोचने ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहिलं, चिठ्ठी आणायचे दिवस शाळेत संपले.

झालं. धाकटा तळमळायला लागला. पाचला उठून बूट घालून बसायचा. शेवटी ताईने त्याचं ते नाडी मोजणारं घड्याळ आपल्या मनगटाला बांधलं आणि लॉन्ड्रीत चालत जायला लागली, येताना मुद्दाम लांबून. "तू झोप, तुझं मी चालते," म्हणाली. कामावरच्या बायका फिदीफिदी हसायच्या, ताईला आता कंबर बारीक करायचीय. हसू देत. पोरगा महिनाभर खरंच झोपला. चार घास जास्त खायला लागला.

आणि मग कोचचा फोन. रोजचे आकडे बघतोय, नाडी झकास आहे, आजार कसला कुरवाळतोस, रविवारी लांब सायकलला ये. ताई म्हणाली, दे इकडे फोन, मी सांगते आकडे कुणाचे ते. धाकट्याने दिला नाही.

"ताईने चालून माझी जागा राखली, हे त्यांना कळलं तर तोंड कुठे लपवू मी?"

रविवारी ताई कामावर गेल्यावर हा सायकल घेऊन गेला. चढावर पडला. लोक धावले तोवर संपलं होतं.

आता ताई स्वतःलाच बोल लावते, मी घड्याळ बांधलं नसतं तर. तिचं काय चुकलं? आजारी माणसाला झोपायला चोरी करावी लागते, हा कुठला खेळ? याच कोचचा मागे पाय मुरगळला, तर सहा आठवडे सोफ्यावर लोळत होता. त्याचं नाव कापलं का कुणी?

पंधरा दिवसांनी कोच घरी आला, ग्रुपमधल्या दोघांना घेऊन. धाकट्याच्या नावाने सगळे पळणार म्हणे, टी-शर्टवर छापायला फोटो हवा होता. शेवटपर्यंत झुंजला हो, म्हणाला.

"झुंजला नाही," ताई म्हणाली. "झोपला होता. तुम्ही उठवलंत."

फोटो दिला नाही तिने. एवढंच म्हणाली, आजाऱ्याचं नाव कापायचा नियम काढा. कोच म्हणाला, कमिटीला विचारून सांगतो.

महिना झाला. अजून विचारतायत. यात विचारायचं काय असतं हो?