सरडीचं बाळंतपण

मुलगी बंगलोरला गेली तेव्हा म्हणाली होती, "आई, सहा महिने फक्त. मग मी हिला घेऊन जाते." त्याला आता दोन वर्षं झाली. ही म्हणजे कॅमेलिअन. परदेशी जातीची सरडी, डोक्यावर उंच तुरा, दोन डोळे दोन दिशांना. उल्हासनगरच्या एका दुकानातून आणलेली, रीतसर कागदपत्रं केलेली. बदलापूरला कात्रपमधल्या आमच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये, खिडकीपाशी, जाळीच्या पिंजऱ्यात राहते. तिच्या खाण्यासाठी मी गॅलरीत डब्यात झुरळं पाळते. जन्मभर ज्यांच्यावर चप्पल उगारली त्यांना रोज गाजराचे काप घालते. सांगणार कोणाला?

सांगायला घराबाहेर तर पडायला हवं. मुलगी गेली त्याच वर्षी सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. वॉकर घेऊन हॉल ते बाथरूम एवढंच त्यांचं जग. मी बालवाडीतली नोकरी सोडली. नवरा अंबरनाथला केमिकल फॅक्टरीत शिफ्टला. घरी असतो तेव्हा झोपलेला असतो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, माझी खालच्या भाजीवाल्यापर्यंत. तिथूनही वर बघितलं की खिडकीत सासूबाई दिसणार. वाईट बाई नाहीत हो. पण त्यांची नजर माझ्यावरून हलत नाही. कढीपत्ता घेतला का हेसुद्धा त्या वरून बघतात.

थंडी सरता सरता सरडीचं काहीतरी बिनसलं. खाणं सोडलं. हिरवा रंग काळपट झाला, त्यावर पिवळे-निळे ठिपके उठले. एरवी तासन् तास एका फांदीवर बसणारी ती, आता जाळीवरून वर चढायची, खाली उतरायची, कोपऱ्यात नखांनी तळ खरवडायची. दिवसभर तेच. मला वाटलं, कंटाळली. कंटाळा मला नवीन नव्हता, म्हणून चार दिवस मी तिकडे लक्षच दिलं नाही. ही माझी पहिली चूक.

पाचव्या दिवशी समोरच्या वहिनींना सासूबाईंपाशी बसवलं, सरडीला बुटांच्या खोक्यात भोकं पाडून घातलं आणि रिक्षाने अंबरनाथ पश्चिम गाठलं. तिथे एक डॉक्टरीणबाई असले प्राणी बघतात. त्यांनी एक्सरे काढला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. पोटात द्राक्षांचा घड कोंबावा तशी अंडी.

"अहो, पण नर कुठेय?" मी म्हटलं. "दोन वर्षं एकटी आहे ती."

"नर लागत नाही. कोंबडी नाही का घालत? फळत नाहीत इतकंच. पण बाहेर तर पडायला हवीत, नाहीतर ही मरेल."

मग त्यांनी सांगितलं. ओल्या रेतीचा टब द्यायचा, वीतभर खोल. बोट खुपसून काढलं की भोक तसंच राहायला हवं. ती बीळ खणेल, आत जाऊन अंडी घालेल, वर रेती लोटून जागा दाबून टाकेल. "आणि मुख्य म्हणजे तिच्याकडे कोणी बघायचं नाही," त्या म्हणाल्या. "कोणी बघतंय असं वाटलं की ती खणणं सोडते. मग अंडी आतच राहतात. तीन दिवस वाट बघा. नाहीच घातली तर ऑपरेशन, आणि एवढ्याशा जिवाची मी खात्री देत नाही."

शेजारी नवी बिल्डिंग उठतेय. तिथल्या वॉचमनला सांगून दोन बादल्या रेती आणली, पिठाच्या चाळणीने चाळली, धुतली. टब पिंजऱ्यात ठेवला, वरून चादर टाकली. आणि सासूबाईंना सांगून बसले, की हिला अंडी व्हायचीत. ही दुसरी.

बाईंचा चेहराच उजळला. दोन वर्षांत या घरात त्यांच्या हाताला काम आलं नव्हतं. खुर्ची ओढून त्या पिंजऱ्यापाशी बसल्या, चादरीचं टोक वर केलं आणि म्हणाल्या, "अडलेल्या बाईला एकटं सोडायचं नसतं गं बाय."

"आई, डॉक्टरने सांगितलंय, बघायचं नाही."

"डॉक्टरला काय कळतंय? तिला स्वतःला पोर आहे का?"

आम्ही बौद्ध. सासऱ्यांच्या वडिलांनी घरातले देव काढले, तेव्हा पाचवीची पूजा गेली, सटवी गेली, उशाखालचा विळा गेला. पण बाळंतिणीपाशी कोणीतरी बसून राहायचं, हे गेलं नाही. ज्या सटवीच्या भीतीने बसायचे तीच राहिली नाही, तरी बसणं चालूच. मुलगी झाली तेव्हा मला आई नव्हती, म्हणून माझं सगळं सासूबाईंनी केलं. मालिश, शेक, धुरी, डिंकाचे लाडू, कशात म्हणून कमी नाही. सव्वा महिना त्या माझ्या खाटेपासून हलल्या नाहीत. मला तेव्हा नुसतं रडू यायचं. कशाचं ते मलाही कळत नव्हतं. पण रडायला एकटं असावं लागतं. तोंडावर पदर घेतला की त्या पदर बाजूला करून कपाळाला हात लावायच्या, ताप आहे का म्हणून. ते रडू मी गिळलं ते गिळलंच.

दोन दिवस हेच चाललं. सरडी रेतीत उतरायची, पुढच्या पायांनी खणायला लागायची. अर्धं अंग आत गेलं की सासूबाई म्हणायच्या, "हां, अशी. जरा कळ काढ." की झालं. ती थिजायची. एक डोळा मागे फिरवायची, तो नेमका चादरीच्या फटीवर. मग बीळ अर्धवट टाकून फांदीवर. त्यात समोरच्या वहिनींना बोलावणं गेलं, त्यांनी खालच्या मजल्यावरच्या दोघींना आणलं. पाळ्या लावून बसल्या बायका. चहा माझ्याकडे.

मी कुढत होते, पण मीही काही धुतल्या तांदळाची नाही. बायका गेल्या आणि सासूबाई बाथरूमला गेल्या की मीसुद्धा चादर वर करून बघायचे. दर वेळी वाटायचं, एकदाच. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बिळात जवळजवळ पूर्ण गेली होती, शेपटीच काय ती बाहेर. मी श्वास रोखून वाकले. आतून ती हळूच वळली आणि तिचा एक डोळा माझ्यावर येऊन थांबला. त्या बाईला दोष देत होते आणि माझीही मान त्याच फटीत. ती बाहेर आली. पुन्हा खणलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यात खालच्या फांदीवर डोळे मिटून होती. कॅमेलिअनने दिवसा डोळे मिटले तर समजायचं, काही खरं नाही. मुलीला फोन लावला तर ती तिकडे रडायला लागली. मी पिंजरा उचलला आणि बेडरूममध्ये नेला. घरात दार असलेली खोली तेवढी एकच, आणि तिथेच सासूबाईंची खाट.

"मी कुठं पडू?" त्यांनी विचारलं.

"हॉलमध्ये. दोन दिवस."

"आणि ती एकटी आत? मेली म्हणजे?"

"मेली तर आपल्या बघण्याने मरेल." आणि मग मला थांबता येईना. "मलाही एकटं सोडायला हवं होतं तुम्ही. तेव्हाही, आताही. पंचवीस वर्षं झाली आई, या घरात एकदा दार लावून बसता आलं नाही मला. भाजी आणायला गेले तरी तुमचे डोळे पाठीला."

असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्या वॉकर धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता रडारड, आता स्वयंपाकघरात झोपलेल्या नवऱ्याला उठवतील. पण त्या खाली बघत म्हणाल्या, "माझ्यापाशी कोणी नव्हतं. बदलापूर गावात होतो तेव्हा. सगळी आवणीला गेलेली, भातं लावायला. मी हाका मारल्या. पहिला पोरगा तसाच गेला."

लग्नापासून मी या घरात आहे. नवऱ्याच्या आधी एक मुलगा झाला होता हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला फार लाज वाटली. पण बोललेले शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत, हेही खरं. ते खोटे नव्हते.

थोड्या वेळाने त्यांनी खुर्ची मागितली. मी बेडरूमचं दार ओढून घेतलं. त्यांनी दाराला लागून खुर्ची ठेवायला लावली, तोंड हॉलकडे, पाठ दाराकडे, आणि बसल्या.

"आता इथून कोणी आत जाणार नाही," त्या म्हणाल्या. "तूसुद्धा नाही."

आणि नाही जाऊ दिलं. वहिनी आल्या, त्यांना जिन्यावरूनच परत पाठवलं. मी दोनदा कपाटाचं निमित्त काढलं, तर वॉकर आडवा. जेवण खुर्चीतच. नवरा सेकंड शिफ्टला पारोशा शर्टावरच गेला. आतून मधूनच रेती खरवडल्यासारखा आवाज यायचा, मग बराच वेळ काहीच नाही. त्या मान वळवायच्या नाहीत. हात मात्र मांडीवर आवळलेले. मी लसूण सोलत समोर बसले होते. दिवसभर आम्ही दोघी त्या बंद दाराच्या राखणीला.

ऊन उतरलं तेव्हा मी विचारलं, "बघू?" त्यांनी वॉकर बाजूला घेतला.

टबातली रेती सपाट, थापून बसवलेली. सरडी फांदीवर, नाक रेतीने माखलेलं, कुशी आत गेलेल्या, रिकाम्या पिशवीसारखी. ड्रॉपर पुढे धरला तर इतकं पाणी प्यायली की माझा हात दुखला. रेती उकरली तर तळाशी एकेचाळीस अंडी, पांढरी, मऊ, फळणारं एकही नाही. सासूबाईंनी ती ताटलीत घेऊन बराच वेळ बघितली आणि मग म्हणाल्या, "कुंडीत पूर."

पंधरा दिवस बाळंतिणीसारखं केलं तिचं. झुरळांना कॅल्शिअमची पावडर चोळून, दिवसातून चारदा पाणी. सासूबाई आठवण करायच्या, "लाडू दिले का तिला?" मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता खाणं निम्म्यावर आणा, म्हणजे पुढच्या वेळी अंडी कमी होतील.

"पुढच्या वेळी?"

"चार-पाच महिन्यांनी. आता होतच राहणार."

हे मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू ग्रेट आहेस. मला इथे अजून दोन वर्षांचं काँट्रॅक्ट मिळतंय. ठेवशील ना गं हिला?"

मी म्हटलं, "ठेवते." दुसरं काय म्हणणार?

फोन ठेवला आणि बेडरूममध्ये गेले. दार लावलं. कडीसुद्धा घातली, या घरात पहिल्यांदा. सासूबाईंच्या खाटेवर बसले आणि तोंडावर पदर घेतला.

बाहेर वॉकर टेकत आला आणि दारापाशी थांबला. आता हाक येणार, ताप आहे का म्हणून. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि खुर्चीची पाठ दाराला टेकली.

"रड," सासूबाई म्हणाल्या. "मी इथंच आहे. बघत नाही."