चौकोनाखालची बांधी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या सकाळी आमच्या ओसरीवर पाच हजार रुपये ठरले. हजर: मी, बायको, धाकटा चुलतभाऊ आणि एका संस्थेतून आलेल्या संशोधक मॅडम. भाऊ चहापुरता हजर होता. त्याला कोणी काही विचारले नाही.

मॅडम संगणकात सबंध पृथ्वी तयार करत होत्या. हवा, समुद्र, जंगल, माती. कार्बन कुठून निघतो आणि कुठे मुरतो, याचा हिशेब. धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, पाणी साचून राहिले की चिखलातून मिथेन वायू निघतो. बांधी मधूनमधून सुकवली तर तो किती घटतो, हे त्यांना माझ्या बांधीत वायू धरणारी पेटी रोवून मोजायचे होते. सुकवायचे काम माझे.

त्यांनी पृथ्वीचे चौकोन पाडले होते; लॅपटॉपवर आमचा चौकोन दाखवला. बोदलकशाचा तलाव, बिरसीची धावपट्टी आणि माझी सव्वा एकराची बांधी, सगळे त्या एकात. इतका आटोपशीर हिशेब मी पाहिला नव्हता. सही केली.

"याच्यात भाऊजींची बांधी कुठे?" बायकोने विचारले.

"त्याच चौकोनात," मॅडम म्हणाल्या.

आमच्याकडे तलावाचे पाणी वरच्या बांधीत येते, ती भरली की धुऱ्याच्या, म्हणजे मधल्या बांधाच्या, खाचेतून खालच्या बांधीत उतरते. माझी वरची, भावाची खालची. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, मलाही होते. पण चौकोनात बसल्यावर खालचे दिसेनासे होते.

मी पाणी बंद केले. मिथेन घटला, मॅडम खूश झाल्या. भावाचे धान तेव्हा गर्भावर होते, लोंबी पोटात; तेव्हाच पाणी तुटायला नको. तो धुऱ्यावर आला.

"का करून राहिला गा दादा?"

"मिथेन कमी करून राहिलो. पृथ्वीसाठी आहे."

"मंग माही बांधी का चंद्रावर आहे?"

मी मॅडमना फोन लावला. त्यांनी बाजूने नाली काढायला सुचवले. बाजूची बांधी ज्याची, त्याच्याशी आमचे बोलणे नाही. मग त्या म्हणाल्या, मॉडेलमध्ये प्रत्येक शेताला वेगळे पाणी मिळते असे गृहीतक आहे.

भावाने फोन माझ्या हातून घेतला. "मॅडम, हा गृहीतक कुठं राहते? त्याले फावडं घेऊन धाडा. माहं धान वाळून राहिलं."

त्याच्या धानाकडे पाहून मी फावडे उचलले आणि पाणी सोडले. माझी बांधी भरली, मग त्याची. पेटीभोवती बुडबुडे आले.

पृथ्वी पुढे पूर्ण झाली म्हणे. माझी बांधी तिच्यातून वगळली. 'अनियमित' असा शेरा मिळाला.

पाचांपैकी दोन हजार आले, पेटी रोवू दिल्याबद्दल. भावाच्या बांधीत उंचवट्यावरचे धान पोचट निघाले होते. ते दोन हजार बायकोने त्याच्या हातावर ठेवले.

"मिथेनचे का, वहिनी?"

"पोचट धानाचे," ती म्हणाली. त्याने ठेवून घेतले.